वनस्पत्याहार आणि हृद्रोग : पुराव्याचा एक आढावा

१९५९ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात युगांडातील शेपर आणि जोन्स या दोन संशोधकांचा एक लेख प्रसिद्ध झाला. एकाच प्रदेशात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या दोन समाजांपैकी आफ्रिकी समाजात हृदयधमन्यांचा विकार जवळजवळ आढळतच नाही आणि हिंदुस्थानातून जाऊन तेथे स्थायिक झालेल्या समाजात मात्र त्याने गंभीर रूप धारण केले आहे, अशी त्यात नोंद होती. त्याच सुमारास कंपाला येथील ६३२ शवचिकित्सांची तुलना अमेरिकेतील सेंट लुइस शहरातील तितक्याच आणि त्याच वयोमानाच्या शवचिकित्सांशी करण्यात आली, तेव्हा हृदयस्नायू मृत झाल्याच्या खुणा सेंट लुइसमध्ये १३६ देहांत सापडल्या आणि कंपालात अवघ्या एका देहात. कच्ची केळी उकडून केलेले मटोके, रताळी, कसावा, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, भुईमूग आणि पालेभाज्या हा तेथील आफ्रिकी कुटुंबांचा नित्याचा आहार होता. शेजारच्या हिंदी वस्तीत शाकाहारी घरे पुष्कळ होती. पण तूप, तेल, साखर आणि बैठा व्यापार हेही त्या घरांत सुखाने नांदत होते, आणि त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आफ्रिकी शेजाऱ्यांपेक्षा बरेच अधिक होते. वनस्पतिजन्य आहाराने हृद्रोग टळतो काय, आणि जडलेला रोग मागे हटतो काय, या प्रश्नाची मराठी वाचकाने चर्चा करावयाची ती मला या कंपालाच्या दाखल्यापासून सुरू करावीशी वाटते. कारण मांस न खाणे एवढ्याने आपण या रोगातून मुक्त आहोत अशी जी समजूत आपल्या घरोघरी रुजलेली आहे, तिच्याविरुद्धचा पुरावा साठ वर्षांहून अधिक काळ आपल्यासमोर आहे.

या विचाराचा उगम त्याहून जुना आहे. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिचकोव्ह आणि त्याचा सहकारी खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि काही महिन्यांतच त्यांच्या धमन्यांत माणसाच्या रोगाशी साम्य असलेले मेदाचे थर निर्माण झाल्याचे दाखवले. ससा हा जात्याच तृणभक्षी प्राणी, आणि उंदीर-कुत्र्यांवर असा परिणाम होत नाही, म्हणून हा शोध पुष्कळ वर्षे बाजूला पडला. पुढे दुसऱ्या महायुद्धाने एक अनपेक्षित पुरावा पुढे आणला. जर्मनांच्या अंमलाखालील नॉर्वेत मांस, लोणी, चीज आणि अंडी दुर्मीळ झाली, लोक बटाटे, धान्य, भाज्या आणि मासे यांवर राहू लागले, आणि रक्ताभिसरणाच्या विकारांनी होणारे मृत्यू घटले; युद्ध संपून जुने अन्न परतताच ते पुन्हा वाढले. त्या काळात तंबाखूही कमी मिळत होती आणि पायी चालणे वाढले होते, हे लक्षात ठेवूनही या घटनेचे महत्त्व कमी होत नाही. धमनीचा रोग म्हणजे केवळ वार्धक्याचा अटळ क्षय नव्हे आणि काही थोड्या वर्षांत एका संपूर्ण राष्ट्राचे मृत्युमान बदलू शकते, ही जाणीव तिने वैद्यकाला दिली.

अॅन्सेल कीज याने १९५८ पासून सात देशांत चालवलेली पाहणी सर्वांना ऐकून माहीत असते. संपृक्त मेद जितका अधिक तितका हृद्रोग अधिक, हा तिचा निष्कर्ष. पूर्व फिनलंड एका टोकाला आणि क्रीट बेट दुसऱ्या टोकाला. देशांच्या निवडीवर आक्षेप घेतले गेले, आणि देशादेशांच्या तुलनेवरून व्यक्तीविषयी निर्णय देता येत नाही हे तर खरेच; परंतु फिनलंडने तो निष्कर्ष गांभीर्याने घेऊन १९७२ मध्ये उत्तर करेलिया प्रांतात लोणी, मीठ आणि धूम्रपान यांविरुद्ध जी मोहीम सुरू केली, तिच्या पुढील चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांतील हृद्रोगाचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. क्रीटची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील शेतकऱ्याच्या उष्मांकांपैकी सुमारे चाळीस टक्के मेदातून येत, आणि तो मेद मुख्यतः ऑलिव्ह तेलाचा होता. त्याच्या ताटात डाळी, जाडे धान्य आणि रानभाज्या विपुल असत. त्या रानभाज्यांत आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर उगवणारी घोळही होती, जिच्या मांसल पानांत ओमेगा-३ जातीचे मेदाम्ल इतर बहुतेक पालेभाज्यांपेक्षा अधिक असते. तेल सर्वथा वर्ज्य करा असे सांगणाऱ्यांना क्रीटचा शेतकरी नेहमीच अडचणीत टाकत आलेला आहे.

आता रोग उलटवण्याच्या प्रश्नाकडे वळू. लॉस एंजेलिसच्या लेस्टर मॉरिसनने १९४०च्या दशकातच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना अल्पमेद आहारावर ठेवून त्यांचे आयुष्य वाढल्याचे नोंदले होते. वैद्यकाची पदवी नसलेल्या नेथन प्रिटिकिनने स्वतःच्या हृद्रोगावर असाच आहार योजला आणि पुढे इतरांसाठी केंद्र काढले. १९८५ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या आजारात त्याचा अंत झाला, तेव्हा शवचिकित्सेत त्याच्या हृदयधमन्या आश्चर्यकारकरीत्या स्वच्छ आढळल्या. एका माणसावरून सिद्धान्त करता येत नाही. त्यासाठी नियंत्रित प्रयोगच हवा होता, आणि तो डीन ऑर्निश या तरुण डॉक्टरने सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात केला.

त्या प्रयोगाचा तपशील बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण या विषयावरचे बहुतेक दावे आणि बहुतेक आक्षेप अखेर त्याच्याशीच येऊन थांबतात. अँजिओग्राफीने रोग सिद्ध झालेल्या ४८ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली : २८ प्रयोगगटात, २० नेहमीच्या उपचारांच्या गटात. प्रयोगगटाला फळे, भाज्या, धान्ये, कडधान्ये आणि सोयाबीन यांचा आहार दिला गेला. प्राणिजन्य पदार्थांपैकी केवळ अंड्याचा पांढरा भाग आणि दिवसाला एक पेला सायविरहित दूध किंवा दही यांना मुभा होती, आणि मेदातून मिळणारे उष्मांक सुमारे दहा टक्क्यांवर आणलेले होते. याखेरीज धूम्रपान बंद, आठवड्याला किमान तीन तास व्यायाम, रोज तासभर आसने, श्वसन आणि ध्यान, आणि आठवड्यातून दोनदा रुग्णांची एकत्र बैठक. ऑर्निशने ही साधना स्वामी सच्चिदानंद यांच्याकडून घेतली होती, हा धागा आपल्याकडचा आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधे प्रयोगगटाला दिली नव्हती. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला एका वर्षाचा निकाल असा : प्रयोगगटातील धमन्यांचे सरासरी अरुंदीकरण ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आले, दुसऱ्या गटात ते ४२.७ वरून ४६.१ वर गेले. प्रयोगगटात छातीत कळ येण्याचे प्रमाण ९१ टक्क्यांनी उतरले. पाच वर्षांनंतरही प्रयोगगटातील सुधारणा टिकून होती, दुसऱ्या गटातील बिघाड वाढतच गेला होता, आणि झटके, अँजिओप्लास्टी, बायपास, रुग्णालयातील भरती अशा हृद्रोगाशी निगडित घटना प्रयोगगटातील २८ जणांत २५ तर दुसऱ्या गटातील २० जणांत ४५ झाल्या.

या आकड्यांत दोन गोष्टी स्वच्छ दिसतात. धमनी रुंदावली ती दोन-सव्वादोन टक्क्यांनी. नळीतील गाळ धुऊन निघावा तशी ती मोकळी झाली, असे जे चित्र जाहिरातींतून रंगवले जाते, त्याला या प्रयोगात आधार नाही. आणि तरीही रुग्णाला होणारा लाभ मोठा होता. दुसरे असे, की हा लाभ आहाराचा किती, व्यायामाचा किती, ध्यानाचा किती आणि आठवड्यातून दोनदा आपल्यासारख्याच दुखणाईतांबरोबर बसून बोलण्याचा किती, हे या प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. शिवाय रुग्ण थोडे, जवळजवळ सर्व पुरुष, आणि दोन गटांतील मृत्यूंच्या संख्येत अर्थपूर्ण फरक नव्हता. या मर्यादा सांगून प्रयोग निकालात काढणारे लोक मला भेटतात, आणि त्या मुळीच न सांगता प्रयोगाचा जयघोष करणारेही भेटतात. दोघांकडूनही रुग्णाची हानीच होते असे माझे मत आहे.

क्लीव्हलंड क्लिनिकमधील शल्यविशारद काल्डवेल एसेलस्टिन याने १९८५ पासून याहून कडक मार्ग चोखाळला : तेलाचा थेंब नाही, कवचफळेही नाहीत, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल १५० मिलिग्रॅमच्या खाली आलेच पाहिजे, मग त्यासाठी औषध लागले तरी चालेल. त्याच्या पहिल्या तुकडीत अखेरपर्यंत राहिलेल्या १८ रुग्णांना त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून ४९ वेळा हृद्रोगाच्या घटनांना तोंड द्यावे लागले होते. आहार पाळणाऱ्यांत पुढील बारा वर्षांत अशी एकही घटना घडली नाही. २०१४ मध्ये त्याने १९८ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली : आहार पाळणाऱ्या १७७ जणांत रोग बळावून एकाला पक्षाघात झाला, तर न पाळणाऱ्या २१ पैकी १३ जणांवर संकट आले. आकडे प्रभावी आहेत यात शंका नाही. परंतु येथे तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, आणि जो मनुष्य इतका कडक आहार वर्षानुवर्षे पाळतो तो औषधे वेळेवर घेणे, वजन राखणे, तंबाखू टाळणे यांतही सहसा कसूर करत नाही. तेव्हा पाळणारे आणि न पाळणारे यांची तुलना ही आहाराची शुद्ध तुलना होत नाही.

धमनी किंचितच रुंदावते आणि संकटे मात्र पुष्कळ घटतात, हे कसे, याचे उत्तर रोगाच्या अंतर्रचनेत आहे. बहुसंख्य झटके धमनी हळूहळू बुजून येत नाहीत. भिंतीतील मेदाच्या साठ्यावरचे पातळ आवरण फाटते, तेथे रक्त गोठते आणि काही मिनिटांत प्रवाह थांबतो. असे फाटणारे साठे अनेकदा मध्यम आकाराचे, अँजिओग्राफीत फारशी भीती न दाखवणारे असतात. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल उतरले की साठ्यातील मऊ मेद आणि दाह कमी होतो, आवरण जाड व तंतुमय होते. त्याचबरोबर धमनीचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करून धमनी सैल ठेवण्याचे आपले काम पुन्हा नीट करू लागतो. या वायूच्या कार्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीतील कळ काही आठवड्यांतच कमी होते ती बहुधा यामुळे. स्थिर हृद्रोगात स्टेंट किंवा बायपास आधीच करून घेतल्याने, उत्तम औषधोपचाराच्या तुलनेत, मृत्यू व झटके एकंदरीत कमी होत नाहीत, हे 'इस्केमिया' या पाच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत २०२० मध्ये दिसून आले, तेही याच विचाराला पूरक आहे : रोग एका अरुंद जागेपुरता नसून सगळ्या धमनीवृक्षाचा असतो.

तेलाच्या प्रश्नावर मात्र पुरावा एसेलस्टिनच्या बाजूने उभा राहत नाही. फ्रान्समधील ल्यों शहरात झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ जातीच्या मेदाम्लाने युक्त असा भूमध्यसामुद्रिक आहार घेणाऱ्यांत पुन्हा झटका व मृत्यू यांचे प्रमाण पुष्कळ घटले. स्पेनमधील 'प्रेडिमेड' चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा कवचफळे यांची जोड दिलेल्या गटांत झटका, पक्षाघात इत्यादी सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. तिच्या विभागणीतील दोष उघडकीस आल्यावर लेख मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्तीसह पुन्हा प्रसिद्ध करावा लागला, तरी निष्कर्ष तोच राहिला. कोर्दोबा येथील १,००२ हृद्रोग्यांच्या चाचणीत तर हा आहार अल्पमेद आहारापेक्षा सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कोणतेही वनस्पतितेल चालेल असाही अर्थ यातून निघत नाही. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या मुदतीत ४५८ हृद्रोगी पुरुषांवर प्रयोग झाला. संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि त्याचे मार्गरीन घेणाऱ्या गटात कोलेस्टेरॉल उतरूनही मृत्यू अधिक झाले, हे २०१३ मध्ये जुन्या नोंदी नव्याने तपासल्यावर स्पष्ट झाले. सोलापूर-मराठवाड्यात करडईचे तेल हृदयाला उत्तम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहे. एका प्रयोगावरून ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही, पण त्याच्या जोडीला ओमेगा-३ चा पुरवठा हवा, आणि तो विदर्भातल्या जवसाच्या चटणीत हाताशी आहे.

आपल्या देशातील पुरावा तुटपुंजा आहे, तरी उपेक्षणीय नाही. मुंबईत पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत असलेल्या डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातील रेल्वे नोकरांच्या दप्तरी नोंदी तपासून १९६७ मध्ये असे दाखवले, की हृद्रोगाचे मृत्यू उत्तरेपेक्षा दक्षिणेत सुमारे सातपट अधिक होते, आणि ते दूध-तूप भरपूर खाणाऱ्या उत्तरेकडील लोकांचा मेद कितीतरी अधिक असूनही. मृत्यूच्या दाखल्यांवरील निदान कितपत अचूक, ही शंका तेथे राहतेच; आज केरळ आणि तामिळनाडू यांच्याबरोबर पंजाबही या रोगाच्या अग्रभागी आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ४२ पुरुषांवर झालेल्या नियंत्रित प्रयोगात योग, व्यायाम आणि शाकाहारी पथ्य यांनी वर्षभरात रोगाची वाढ रोखल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. अबू पर्वतावरील १२३ रुग्णांच्या प्रयोगात राजयोग व अल्पमेद शाकाहार यांनी साठे आकसल्याचे २०११ मध्ये नोंदले गेले, पण तेथे चिठ्ठ्यांनी निवडलेला तुलनेचा गट नव्हता. मुरादाबाद येथील, एकेकाळी फार गाजलेल्या आहारप्रयोगाविषयी तर तो छापणाऱ्या 'लॅन्सेट'नेच २००५ मध्ये जाहीर शंका नोंदवली. तो आधाराला घेऊ नये हे बरे.

यापुढचा विचार महाराष्ट्रातील ताटाचा आहे. हार्वर्डच्या अंबिका सतिजा आणि सहकाऱ्यांनी दोन लाखांवर लोकांच्या आहाराच्या नोंदींवरून २०१७ मध्ये एक फार उपयुक्त भेद दाखवला : अख्खी धान्ये, फळे, भाज्या, कडधान्ये आणि कवचफळे यांवर आधारलेल्या वनस्पत्याहाराने हृद्रोग सुमारे पंचवीस टक्के कमी, तर मैदा, साखर, गोड पेये आणि बटाट्याचे पदार्थ यांवर आधारलेल्या, तितक्याच वनस्पतिजन्य, आहाराने तो सुमारे तीस टक्के अधिक. मध्यमवर्गीय घरातील चतुर्थीच्या उपासाचे ताट पाहा. साबुदाणा म्हणजे कसावाच्या मुळातील जवळजवळ निखळ स्टार्च. तो तुपात परतलेला, बरोबर बटाट्याचा कीस आणि गोड दही, आणि चोथा म्हणावा असा काय तो दाण्याच्या कुटातला. उलट ज्वारीची भाकरी, उसळीचा वाडगा, भरड वाटलेली जवसाची चटणी, माठाची किंवा घोळीची भाजी आणि कांद्याची फोड, हे कष्टकऱ्याच्या घरचे जेवण सतिजा यांच्या पहिल्या वर्गात बिनतक्रार बसते. दोन्ही ताटे शुद्ध शाकाहारी. १९३०च्या दशकापासून शिवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागलेले वनस्पती तूपही शाकाहारीच होते, आणि त्यातील ट्रान्स मेदाने धमन्यांचे जितके नुकसान होते तितके दुसऱ्या कोणत्याही मेदाने होत नाही. त्याचे प्रमाण कायद्याने दोन टक्क्यांवर आणायला २०२२ साल उजाडावे लागले.

यात आपल्या देहप्रकृतीची भर पडते. बावन्न देशांतील 'इंटरहार्ट' पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका मध्यमानाने ५३ व्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, आल्याचे दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या प्रा. युडकिन यांच्याशेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र २००४ मध्ये प्रसिद्ध झाले : उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाच्या पोटात दडलेला हा मेद मधुमेहाची आणि हृद्रोगाची तजवीज आधीच करून ठेवतो, म्हणून भात, साखर आणि मैदा यांचे प्रमाण आपल्याकडे मेदाइतकेच महत्त्वाचे ठरते. याज्ञिक यांच्याच पाहणीत पुणे परिसरातील सुमारे ६७ टक्के पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले आहे. दूधही सोडणाऱ्याने ते गोळीच्या रूपाने घेतलेच पाहिजे, येथे तडजोड नाही.

पथ्याचे बळ किती, याची कल्पना टोरोंटोच्या डेव्हिड जेंकिन्स यांच्या २००३ च्या प्रयोगाने येते. ओट, सातू, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वनस्पति-स्टेरॉल, आणि त्यांच्यासह आपली भेंडी आणि वांगी, असा आहार महिनाभर तयार करून दिल्यावर एलडीएल २८.६ टक्क्यांनी उतरले. स्टॅटिन औषधाच्या गटात ते ३०.९ टक्क्यांनी उतरले होते. भेंडीतील बुळबुळीत अंश आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतो, ती मलावाटे बाहेर पडतात, आणि नवी पित्ताम्ले तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल खेचून घेते. मात्र हाच आहार लोकांनी आपल्या घरी, केवळ सल्ल्यावरून, पाळायचा ठरवला तेव्हा सहा महिन्यांतील घट १३ ते १४ टक्केच राहिली. म्हणून पथ्य औषधाच्या जागी बसवण्याची घाई करू नये. स्टॅटिनने झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे आयुष्य वाढते हे १९९४ पासून सिद्ध आहे, आणि गोळ्या कमी करायच्या त्या रक्त तपासून, डॉक्टरच्या संमतीनेच. इन्शुलिन घेणाऱ्याने आहार एकदम पालटला तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या अचानक वाढवल्या तर औषधाचा परिणाम मंदावतो. मूत्रपिंड दुबळे असणाऱ्याला फळे आणि शहाळ्याचे पाणी यांतील पोटॅशियम भारी पडते.

माझ्या मते एवढ्या पुराव्यावर झटका टाळण्यासाठी आणि येऊन गेलेल्यांसाठीही हा आहार औषधाच्या जोडीने निःशंकपणे सुचवावा. धमन्या उघडण्याचे आश्वासन मात्र कोणी देऊ नये. आणि महाराष्ट्रात एक चाचणी व्हावी : ज्वारी-बाजरी, मटकी-हुलगे, जवस आणि रानभाज्या यांचा आहार एका गटाला, नेहमीचे रुग्णालयी पथ्य दुसऱ्याला, औषधे दोघांना सारखीच, मुदत निदान पाच वर्षांची, आणि मोजमाप छायाचित्रातल्या अरुंदीचे नव्हे तर झटके आणि मृत्यू यांचे. तेल थोडे द्यावयाचे की मुळीच नाही, यासाठी तिसरा गट ठेवता येईल. रुग्णांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. ऑर्निशच्या प्रयोगगटात त्या जवळजवळ नव्हत्याच, आणि आपल्याकडे घरातील पुरुषाला हृद्रोग झाला की वेगळा स्वयंपाक जी करते, तिची स्वतःची धमनी तपासण्याची वेळ पुष्कळ घरांत पहिल्या झटक्यानंतरच येते.